तीन विमानं

समोरून येणारा माणूस बाजूला होईना, तेव्हा तोच बाजूला झाला आणि म्हणाला, "माफ करा हं." सकाळची वेळ होती. फुटपाथ चांगला रुंद, ऊन लख्ख पडलेलं. न दिसायला काही कारणच नव्हतं. माणूस जागचा हलला नाही. त्याच्या अंगात निळा शर्ट होता, हातात किल्ल्यांचा जुडगा होता, पायांत तपकिरी बूट होते, आणि गळ्याच्या वर, चेहरा असायचा तिथं, ओल्या बोटानं पाटीवरचं अक्षर फिसकटावं तसा एक करडा डाग होता. "बाबा," तो डाग म्हणाला. आवाज मुलाचा होता. तासाभरापूर्वी एकाच टेबलावर चहा घेतलेल्या स्वतःच्या मुलाचा. "अरे, मी आपला माझ्याच नादात," असं काहीतरी तो पुटपुटला आणि हसलाही, पण हसू ज्याच्याकडे बघून हसायचं तेच जागेवर नसल्यामुळे ते कुठंतरी भलतीकडेच गेलं असावं. मग मुलगा म्हणाला, "दुकान उघडायला निघालोय. चला माझ्याबरोबर." येता का, असं त्यानं विचारलं नाही. बापानंही नाही म्हटलं नाही, आणि दोघं चालू लागले; मुलगा अर्धं पाऊल पुढं, तो अर्धं पाऊल मागं, आणि या अर्ध्या पावलाची त्याला मनातून लाज वाटत राहिली.

मुलाचं चष्म्यांचं दुकान घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं. इतक्या वर्षांत तो तिथं एकदाच गेला होता, उद्‌घाटनाला, तेही बायकोनं डोळे वटारले म्हणून. लोकांनी त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, कुणीतरी त्याच्या पदकाविषयी चार शब्द बोललं होतं, आणि मुलगा मागं काउंटरशी उभा राहून काच पुसत होता. पुढं वाचायचा चष्मा लागला तेव्हा त्यानं तो दुसऱ्याच दुकानातून आणला. मुलानं तो टेबलावर पडलेला पाहिला, उचलला, वाकड्या बसलेल्या काड्या बोटांनी सरळ केल्या, आणि काही न बोलता होता तिथं ठेवून दिला. त्या वेळी त्याला वाटलं होतं, बरं झालं, बोलला नाही. आता चालताना त्या काड्या सरळ करणारी बोटं त्याला आठवत होती, आणि दुकान येऊच नये असं वाटत होतं.

दुकानाच्या मागं काळा पडदा लावलेली एक अरुंद खोली होती. मुलानं त्याला खुर्चीत बसवलं, उजवा डोळा झाकायला लावला आणि समोरच्या भिंतीवर दिवा लावला. "वाचा." त्यानं वाचलं. वरचं मोठं अक्षर, खालची दोन, मग तीन, थेट शेवटच्या ओळीपर्यंत, धडाधड, शाळेत पाढे म्हणावेत तसं. विमानदळात दरवर्षी तपासणी व्हायची. रांगेत उभं असतानाच शेवटची ओळ सगळ्यांना तोंडपाठ झालेली असायची. आणि त्याला तर पाठ करायची गरजच नव्हती. त्याचं तिथलं नाव 'घार' होतं. डोळे घारे म्हणून, की नजर घारीची म्हणून, यावर मेसमध्ये वाद झडत. रिकाम्या आकाशात माणसाची नजर फसते, चार हातांवरच लोंबकळत राहते आणि दूरचं काही दिसत नाही. म्हणून अधूनमधून एखाद्या लांबच्या ढगावर ती नेऊन ताणून घ्यावी लागते. हे बाकीच्यांना शिकवावं लागलं. त्याला नाही. इतरांना ठिपका दिसायचा तेव्हा त्याला पंखांचा आकार दिसलेला असायचा.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला, "हा तक्ता तो नाही. ह्याच्यावर आकडे आहेत."

मग मुलाच्या घशातून एक आवाज आला. ते हसू होतं की काय, हे चेहऱ्यावाचून कळायला मार्ग नव्हता. मुलानं एक छोटा पुठ्ठा त्याच्या हातात दिला. चौकटीचौकटींचा, गणिताच्या वहीच्या पानासारखा. "मधला ठिपका दिसतो?" "कुठला ठिपका?" असं विचारताना त्यालाच उत्तर कळलं. पुठ्ठ्याच्या मधोमध भोक पडलं होतं आणि भोवतालच्या सरळ रेघा त्या भोकाकडे ओढल्यासारख्या वाकल्या होत्या. मग यंत्र आलं. हनुवटी पट्टीवर, कपाळ पट्टीला, झगझगीत उजेडाची एक चीर, आणि त्या उजेडापलीकडे मुलाचा श्वास. इतक्या जवळून त्यानं मुलाचा श्वास किती वर्षांत ऐकला नव्हता.

"कधीपासून होतंय हे?"

"झाले काही महिने."

काही महिन्यांपूर्वी कोपऱ्यावरचा विजेचा खांब मधेच कंबरेत वाकला होता. मग चहा कपाच्या शेजारी पडला. पेपर तिरका धरून कडेनं वाचायची युक्ती त्यानं स्वतः शोधून काढली होती, आणि सून एकदा म्हणालीसुद्धा, "बाबा, पेपरवर रुसलात की काय?" तेव्हा तो हसला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून पेपर घेऊन आपल्या खोलीत बसू लागला होता.

मुलगा एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सरळ सांगत होता. डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. ते परत येणार नाही. कडेचं दिसतं ते दिसत राहील. उजव्यातही आत्ता सुरुवात झालीय, मधे सूज आहे म्हणून त्यातूनही चेहरा पुसट होतो; पण इंजेक्शनं घेतली तर तो टिकण्यासारखा आहे. हॉस्पिटलात वेळ घ्यायला हवी, मी घेतो.

"आधी आलो असतो तर?"

"तर हाही कदाचित टिकला असता." आणि थोडं थांबून, "सांगितलं का नाहीत, बाबा?"

मुलानं उत्तराची वाट पाहिली नाही. दोन्ही डोळ्यांत गार थेंब सोडले, डोळे मिटून बसायला सांगितलं, बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागेल म्हणाला, आणि पडद्याबाहेर गेला. बाहेर कुणी बाई आपल्या पोरीसाठी फ्रेम बघत होती. "गुलाबी नको, मुलं चिडवतात," पोरगी कुरकुरत होती. "कुणी चिडवलं तर मला सांग," मुलगा तिला म्हणत होता, "मी त्याला असा चष्मा करून देईन की त्याला स्वतःचंच नाक दिसत राहील." पोरगी खिदळली. आपला मुलगा विनोद करतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. मिटल्या डोळ्यांमागं तो ते ऐकत बसला, आणि डोळे मिटले की नेहमी जे यायचं तेच मग आलं.

धावपट्टीवर बॉम्ब पडत होते आणि तो पट्टे आवळून कॉकपिटमध्ये बसला होता. शेजारच्या विमानाचं चाक खड्ड्यात गेलं होतं, त्यातला वैमानिक हात हलवून 'जा, जा' म्हणत होता. अर्धीच धावपट्टी शिल्लक होती. धुरातून तो वर आला तेव्हा चार विमानं दुसऱ्या फेरीसाठी वळत होती आणि आकाशात त्यांच्याविरुद्ध तो एकटा होता. पहिल्यानं त्याला पाहिलं आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागं गोल फिरू लागले. अशा वळणात शरीर शिशाचं होतं. रक्त डोळ्यांतून खाली उतरतं. आधी रंग जातात, मग कडा काळ्या पडत आत सरकू लागतात, आणि शेवटी मधोमध रुपयाएवढं भोक उरतं. त्या भोकात त्यानं त्या विमानाची शेपूट धरून ठेवली. दात घट्ट आवळून, मांड्या आवळून, पोट आवळून, एक क्षणही सैल न सोडता, कारण आधी सैल पडेल तो मरणार होता. समोरचा सैल पडला. तोफा धडधडल्या, पंखाच्या मुळाशी आग दिसली. तिथं तो शूर होता. इतक्या वर्षांनीही त्याला त्याबद्दल शंका नव्हती. कुणी काहीही म्हणो, ती वळणं त्यानं कमावली होती.

दुसरं विमान वेगळं होतं. बाकीची दोन केव्हाच पांगली होती. हे एकटंच खाली, शेतांवरून, घराच्या दिशेनं सरळ चाललं होतं. कामावरून सुटलेला माणूस जातो तसं. तो त्याच्या मागं गेला, मागून आणि खालून, जिथं वैमानिकाला स्वतःच्याच शेपटीमुळे दिसत नाही तिथून. त्या माणसानं एकदा जरी विमान तिरकं करून मागं पाहिलं असतं तरी त्याला दिसलं असतं. तो जवळ जात राहिला. गोळी झाडायला पुरेसं अंतर झालं, त्याहून कमी झालं. "बघ ना मागं, लेका," तो मास्कमध्ये मोठ्यानं म्हणाला होता. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं. त्या माणसानं मागं पाहिलं नाही. यानं खटक्यावर बोट दाबलं. प्रशस्तिपत्रात पुढं लिहून आलं की अतुलनीय धैर्यानं पाठलाग करून त्यानं शत्रूचं दुसरं विमान पाडलं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज भारदस्त होता. पदक टोचताना पिन कोटातून आत गेली आणि छातीला लागली, त्यानं पापणी हलवली नाही, आणि पुढच्या रांगेत पोटुशी बायको बसली होती.

मग शाळा, कॉलेजं, क्लब. हार घातले की तो तेच सांगायचा: आकाशात दोनच प्रकारची माणसं असतात. ज्यांना दिसतं ती, आणि ज्यांना दिसत नाही ती. टाळ्या पडायच्या. सांगता सांगता ते त्याला खरंच वाटू लागलं. न दिसणं म्हणजे आळस. न दिसणं म्हणजे बेफिकिरी, ढिलाई, अंगात पाणी नसणं. न दिसणं हा गुन्हा असायलाच हवा होता. नाहीतर घरी निघालेल्या त्या माणसाला त्यानं कशासाठी मारलं होतं? हा प्रश्न त्यानं स्वतःला तेव्हा विचारला नव्हता. प्रश्न या काळ्या पडद्याच्या खोलीत, तो डोळ्यांत थेंब घालून बसला असताना, बाहेर एक पोरगी गुलाबी फ्रेमसाठी भांडत असताना पहिल्यांदा पुढं येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागोमाग गच्ची आली.

तळावरच्या क्वार्टर्सची गच्ची. संध्याकाळी विमानं परतायची आणि तो मुलाला वर घेऊन जायचा. "ते बघ, झाडाच्या वर. दिसतंय?" "दिसतंय, बाबा." "किती?" "दोन." बरोबर असायचं. कधी चुकायचंही, पण पोर लहान आहे म्हणून तो सोडून द्यायचा. बायको दोरीवरचे कपडे काढत असायची. एकदा ती चिमटे तोंडात धरूनच म्हणाली, "अहो, त्याला दिसत नाही, हे तुम्हाला दिसत नाही का?" तो चिडला होता. घारीच्या पोराला दिसत नाही? पण शंका आत शिरली ती शिरलीच, आणि शंकेचं काय करायचं हे त्याला एकाच पद्धतीनं ठाऊक होतं: मागून, खालून, समोरच्याला कळू न देता. पुढच्या संध्याकाळी त्यानं कोऱ्या आकाशाकडे बोट केलं. ढग नाही, पक्षी नाही, काही नाही. "किती आहेत?" मुलानं डोळे बारीक केले. मग वर न बघता बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथं काही लिहिलंय का ते वाचत असल्यासारखं. आणि म्हणाला, "तीन."

बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. खाली येऊन बायकोला सांगितलं, रात्री मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून पोराचं नाव 'तीन' पडलं. तीन, पाणी आण. तीन, पाहुण्यांना नमस्कार कर. तीनला विचारा, त्याला सगळं दिसतं. जाड काचांचा चष्मा आला तरी नाव गेलं नाही. चष्मा लावून मुलानं पहिल्यांदा काय काय पाहिलं असेल? झाडाला सुटी सुटी पानं असतात हे त्याला त्या दिवशी कळलं असेल. कुणाला सांगितलं असेल त्यानं? बापानं तरी विचारलं नव्हतं. पुढं मुलगा या धंद्याचं शिकायला जातो म्हणाला, तेव्हा तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला होता, "म्हणजे चष्मे विकणार." बायको त्या रात्री जेवली नव्हती. आता ती नव्हतीच, आणि मुलाला 'तीन' म्हणणारे मेसमधले मित्रही एकेक करून गेले होते. ते नाव ठाऊक असलेली जगात आता दोनच माणसं होती, आणि दोघंही एका घरात राहत होती.

पडदा सरकला. मुलानं पुन्हा यंत्रातून बघितलं, काही टिपून घेतलं, फोनवर कुणाशी तरी बोलला. मग त्याला घरापर्यंत सोडायला आला. मोठ्या झालेल्या बाहुल्यांत ऊन सुयांसारखं घुसत होतं. वाटेत त्यानं मुलाचा चेहरा आठवून बघायचा प्रयत्न केला. मधल्या डागात निदान आठवणीतला चेहरा भरावा, इतकंच. चष्म्याची फ्रेम आली. कपाळ आलं. बाकीचं येईना. आलं ते एका लहान मुलाचं तोंड, बिनचष्म्याचं, वर बघणारं. इतकी वर्षं रोज टेबलापलीकडे एक मोठा माणूस बसून जेवला होता आणि त्याच्याकडे त्यानं, ज्याची नजर घारीची, बघून घेतलं नव्हतं.

हॉस्पिटलची वेळ पुढच्याच आठवड्यात मिळाली. बाहेरच्या लांब बाकावर सगळे एका डोळ्यावर फुली मारलेले लोक बसले होते. त्याच्या उजव्या भुवईवरही नर्सनं निळ्या शाईनं खूण केली. मुलगा शेजारी बसला. बापानं घरून एक वाक्य तयार करून आणलं होतं, त्याची सुरुवात आता सापडत नव्हती.

"मी तुला गच्चीवर न्यायचो," तो म्हणाला. "आठवतं?"

"आठवतं की."

"तुला दिसत नव्हतं."

"नव्हतं."

"मग तू नाही दिसत म्हणून सांगायचं ना, अरे."

बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं नंबर विचारत होती, तिला मुलानं वाकून तिचा नंबर सांगितला. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या मागं उभे राहायचात. माझं डोकं दोन्ही हातांत धरून वळवायचात. इकडे बघ, जरा वर, असं. तुमच्या हातांना त्या चामड्याच्या हातमोज्यांचा वास यायचा." तो थांबला. "नाही दिसत म्हटलं असतं तर तुम्ही मला खाली पाठवलं असतंत."

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळची आकाशं त्याला आठवत होती, कुठल्या बाजूला ढग होते तेसुद्धा. विमानाच्या दांड्याची पकड तळहाताला अजून आठवत होती, बोटाखालचा तो घट्ट खटका आठवत होता. पण पोराचं डोकं हातांत धरलेलं? केस कसे होते, मऊ की राठ? कान गार लागायचे का? हात रिकामे होते. मुलानं ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि ज्याचे हात होते त्याच्यापाशी त्यातलं काहीच नव्हतं.

"तुला मी तीन म्हणायचो," तो म्हणाला.

"हो."

"चारचौघांत."

"हो, बाबा."

जाऊ द्या, असं मुलगा म्हणाला नाही. आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती. झालं ते झालं होतं, एवढंच तो 'हो' सांगत होता. त्याला वाटलं, आता आपण बोललं पाहिजे. पण चुकलं, हा शब्द जिभेवर ठेवून बघितला तर तो फार लहान वाटला, आणि तेवढ्यात आतून त्याचा नंबर पुकारला.

खोली गार होती. डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाजावरून. कागद चाळता चाळता ती एकदम म्हणाली, "अय्या, तुम्ही तेच का? आम्हाला शाळेत धडा होता तुमच्यावर! मी तोंडपाठ केला होता." त्यानं मान हलवली. त्याला आडवं केलं, तोंडावर हिरवं कापड आलं, डोळ्याएवढी खिडकी उरली. पापण्या उघड्या ठेवायला गार धातूचा चिमटा बसला. हा त्यातल्या त्यात चांगला डोळा होता. या एका डोळ्यावर आता सगळं होतं: जिना, रस्ता, दाराची कडी. तो पुढं बरीच वर्षं टिकला, पण त्या घटकेला ते कुणाला ठाऊक होतं?

"तुमच्यासारख्याला काय सांगायचं घाबरू नका म्हणून," डॉक्टर म्हणाली.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

ती मोकळेपणानं हसली. "चांगली थट्टा करता की!" नर्सही हसली. मुलगा हसला नाही. दाराशी निघालेली त्याची पावलं तिथंच थांबल्याचं त्याला ऐकू आलं. कापडाखाली स्वतःचाच गरम श्वास तोंडावर येत होता, आणि छातीत काहीतरी वेडंवाकडं धडधडत होतं, त्या अर्ध्या धावपट्टीवर धडधडलं होतं तसंच. तेव्हाही ती भीतीच होती, आणि तेव्हाही ती होती हे त्यानं पोराला एकदा जरी सांगितलं असतं, एखाद्या संध्याकाळी, गच्चीवर, विमानं यायच्या आधी!

"नातेवाइकांनी बाहेर थांबायचंय," नर्स म्हणाली.

"बाबा," मुलाचा आवाज आला, "मी इथं थांबू का?"

थांब, हा शब्द त्यानं आयुष्यभर हुकूम म्हणून वापरला होता. विनंती म्हणून तो कसा उच्चारतात हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ओठ ओले केले, आवाज मऊ करायचा प्रयत्न केला, पण कापडाखालून तो निघाला तो जुन्याच धाटणीत, तुटक आणि कडक.

"थांब."

डॉक्टर काहीतरी पुटपुटली, बहुधा बरं म्हणाली. फरशीवर पावलं वाजली. ती लांब जाताहेत की जवळ येताहेत, हे त्याला थोडा वेळ कळेना. मग त्याच्या उशाशी एक स्टूल सरकलं.